गाडी का तापते? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे एकही प्रीमियर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीचं आयुष्य नियमाने २० वर्षांचं. हिशेब पुरा झाला आणि काळी-पिवळी पद्मिनी गेली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी तिच्यावर भरभरून लिहिलं. सिनेमातली टॅक्सी, मागची लांब सीट, छतावरचं कॅरिअर, ड्रायव्हरने लावलेली रंगीत रेक्झिन, सगळं आलं. पण उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये, घाटात या गाडीला थंड ठेवणाऱ्या माणसांविषयी कुणी फारसं लिहिलं नाही. खरं तर जुन्या गाडीचं आयुष्य किती, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं. ती तापते का, आणि तापली तर ती का तापते हे ओळखणारा माणूस जवळपास आहे का?

हा लेख त्या प्रश्नाचा इतिहास आहे. इंजिन थंड ठेवण्याची युक्ती माणसाने टप्प्याटप्प्याने शोधली. गंमत अशी की, तापलेली गाडी पुढ्यात आली की चांगला मिस्त्री एकेक करून त्याच टप्प्यांवरून जातो. त्याने मोटारींचा इतिहास वाचलेला नसतो, पण तो त्याच्या हातात असतो.

पाणी उकळू द्या, वर नवं ओता

कार्ल बेन्झ यांच्या तीनचाकी मोटारीचं पेटंट २९ जानेवारी १८८६ चं आहे. इंजिनात इंधन जळलं की त्या उष्णतेचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा चाकं फिरवायला लागतो. उरलेल्यातला बराच भाग सायलेन्सरवाटे धूर घेऊन जातो आणि जवळपास तितकाच भाग लोखंडात शिरतो. तो बाहेर काढला नाही तर तेल पातळ होतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. बेन्झ यांनी साधा उपाय केला होता. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचं आणि ते उकळू द्यायचं. वाफ उष्णता घेऊन उडून जाते, चालकाने वरून नवं पाणी ओतायचं.

ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन घेतलं, ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्या प्रवासात इंधनापेक्षा जास्त वेळा पाणी भरावं लागलं. म्हणजे जगातल्या पहिल्या लांब प्रवासाची पहिली डोकेदुखी गाडी तापण्याचीच होती.

त्या काळात पाणी कमी होणं हा दोष नव्हता, ती पद्धतच होती. पुढे पाणी बंदिस्त झालं. आता ते कमी होत असेल तर कुठून तरी जातंय. म्हणून मिस्त्रीचा पहिला प्रश्न आजही तोच आहे. पाणी जातंय का? आणि जातंय तर कुठे? होजच्या तोंडाशी क्लिप सैल असेल, पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब पडत असतील, रेडिएटरच्या झाळीतून हिरवट-पांढरा डाग उतरला असेल, तर पाणी बाहेर जातंय. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी रोज अर्धा लिटर कमी होतंय, तर ते आत जातंय. आत म्हणजे सिलिंडरमध्ये किंवा तेलात. हा वाईट प्रकार. त्याच्याकडे पुढे येऊ.

गरम पाणी वर जातं

दुसरा टप्पा हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’चा. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या निघाल्या. सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता, नंतर तो काढून टाकला. तत्त्व चहाच्या पातेल्यातलं. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, वरच्या नळीने रेडिएटरमध्ये जातं, तिथे थंड होऊन जड होतं आणि खालच्या नळीने परत इंजिनात येतं. पंप नाही, पट्टा नाही, बिघडायला काही नाही.

मात्र एक अट आहे. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाच्या खाली गेली की हे फिरणं थांबतं. रेडिएटर अर्ध्याहून जास्त भरलेला असतो आणि गाडी उकळत असते. पंप असलेल्या गाडीलाही पातळी घसरली की हवा ओढून घेण्याचा धोका असतो. म्हणून जुने लोक सकाळी गाडी सुरू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडून बोट घालून बघायचे. सकाळीच, इंजिन गार असताना. गरम गाडीचं झाकण उघडणाऱ्याचा चेहरा भाजतो, हे प्रत्येक गॅरेजमधल्या कुणा ना कुणाच्या अंगावर लिहिलेलं असतं. उकळली तर बाजूला लावायची, इंजिन बंद करायचं, अर्धा-पाऊण तास थांबायचं. मग जाड फडकं टाकून झाकण पाव आटा फिरवायचं, फुस्स आवाज संपू द्यायचा आणि त्यानंतरच उघडायचं. तापलेल्या लोखंडात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. ओतायचंच असेल तर इंजिन चालू ठेवून थोडं थोडं.

मधमाशीचं पोळं

तिसरा टप्पा विल्हेल्म मायबाख यांचा. डिसेंबर १९०० मध्ये डायमलर कंपनीने एमिल येलिनेक यांना ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज दिली. तिच्या तोंडाशी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. त्यात सहा मिलिमीटर चौरसाच्या ८,०७० बारीक नळ्या झाळून बसवल्या होत्या. त्यांच्यातून हवा जायची आणि भोवताली पाण्याचा पातळ थर असायचा. त्यामुळे नऊ लिटर पाण्यात काम भागायला लागलं. उष्णता घालवायला जास्त पाणी लागत नाही, पाण्याला हवेशी भिडायला जास्त पृष्ठभाग लागतो, हे मायबाख यांनी ओळखलं. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहराच्या शर्यतींत ही गाडी सगळ्यांच्या पुढे गेली.

यातून मिस्त्रीचे दोन प्रश्न तयार होतात. हवा पोळ्यापर्यंत पोचतेय का? आणि पोळ्यातली वाट मोकळी आहे का? पहिल्यासाठी बघायचं की, जाळीत किडे, चिखल, उसाचं पाचट अडकलंय का. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला तर अर्ध्या इंचापेक्षा फार जास्त आत जात नाही ना? पंखा तुटलेला किंवा उलटा बसवलेला नाही ना? दुसऱ्यासाठी गाडी गरम करून, इंजिन बंद करून, रेडिएटरच्या कोरवर जपून हात फिरवायचा. जिथे कोर गार लागेल तिथे पाणी फिरत नाही. तिथे क्षार बसलाय.

क्षाराचा हा रोग आपल्याकडे जास्त. दख्खनच्या कोरड्या भागात बोअरचं पाणी जड असतं. पाणी तापवायच्या हिटरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्ये चढतो. ड्रायव्हर रोज रस्त्याकडेच्या हापशाचं पाणी भरतो आणि रोज एक चिमूट दगडही भरतो. उपाय म्हणजे रेडिएटर काढून उलट्या दिशेने पाण्याने धुणे. त्याने नाही झालं तर वरची-खालची टाकी झाळ सोडवून काढायची आणि नळ्यांमधून पातळ पट्टी घालून त्या मोकळ्या करायच्या. गॅरेजच्या भाषेत ‘रॉड मारणे’. मग परत झाळायचं. कथील, विस्तव आणि नवसागर यांची ओळख असलेला हात इथे लागतो. मोहल्ल्यात भांड्यांना कल्हई करायला येणाऱ्या माणसाचं आणि रेडिएटरवाल्याचं काम मला कायम चुलतभावांसारखं वाटत आलंय.

झडप, पंप आणि झाकण

गाड्या ताकदवान झाल्या तसं नुसत्या वर चढणाऱ्या पाण्यावर भागेना. पंप आला. पहिल्या महायुद्धाच्या आसपास थर्मोस्टॅट आला. ही मेणाने किंवा वायूने चालणारी छोटी झडप. इंजिन गार असताना ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते. त्यानंतर दाबाचं झाकण आलं. बंदिस्त पाण्यावर दर चौरस इंचाला एक पौंड दाब वाढवला की उकळण्याचा बिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. सात पौंडांचं झाकण असेल तर पाणी ११० अंशांच्या आसपास उकळतं. उलट उंचावर गेलं की दर ३०० मीटरला तो बिंदू एकेक अंशाने खाली येतो. म्हणजे लोणावळ्यात उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल, तर ज्या इंजिनात काहीच बिघाड नाही तेही घाटमाथ्यावर उकळायला लागतं. काही रुपयांचं रबर.

थर्मोस्टॅट तपासायची रीत स्वयंपाकघरातली आहे. तो काढायचा, दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडायचा, गॅस लावायचा आणि शेजारी थर्मामीटर धरायचा. पाणी उकळायला आलं तरी तो उघडला नाही तर नवा टाकायचा. आपल्याकडे मात्र वेगळीच रीत पडली. थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा. ‘आपल्या हवेत त्याचं काय काम?’ हा युक्तिवाद. अडकलेला थर्मोस्टॅट हेच कारण असेल तर गाडी तापायची थांबते, हे खरं. पण मग इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि इंजिन लवकर झिजतं. आणि कारण दुसरं असेल तर ते जिथे होतं तिथेच राहतं.

घाट, कुर्ला आणि मोहल्ला

आता आपल्या भागात येऊ. मुंबईहून दख्खनवर चढणारा बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. मोटारी आल्यावर खोपोली ते खंडाळा ही चढण त्यांची परीक्षा ठरली. काही किलोमीटरमध्ये सुमारे पाचशे मीटर वर. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे जास्त, गाडीचा वेग कमी. म्हणजे उष्णता सर्वांत जास्त आणि समोरून येणारी हवा सर्वांत कमी. बंपरला पाण्याची छागल टांगून, बॉनेट वर करून वळणावर उभ्या असलेल्या गाड्या हे त्या घाटातलं नेहमीचं चित्र होतं.

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. याच वालचंदांनी त्याआधी कंत्राटदार म्हणून बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले होते. १९५०च्या दशकात सरकारने नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना दार बंद केलं, जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. राहिल्या त्या मुख्यतः कुर्ल्याची फियाट आणि कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अॅम्बॅसेडर. १९६४ पासून कुर्ल्यात बनणारी फियाट ११०० हीच १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव चितोडच्या राणीचं. त्या राणीची कथा आपल्याला माहीत झाली ती मुख्यतः मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीच्या १५४०च्या ‘पद्मावत’मुळे. इंजिन १,०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, चाळीसेक अश्वशक्तीचं. पुढे पंखा आणि पाण्याचा पंप एकाच शाफ्टवर, एकाच पट्ट्यावर. हे डिझाइन मुळात १९५०च्या दशकातल्या इटलीचं. ते आपल्याकडे कित्येक दशकं, मे महिन्याच्या उन्हात, पाच-सहा माणसं भरून, वर सामान बांधून चाललं.

ते कुणी चालवलं? ड्रायव्हरने, हे खरं. पण नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं आणि सुटे भाग वेळेवर मिळायचे नाहीत. त्या काळात गाडी टिकवण्याचं काम रस्त्याकडेच्या गॅरेजने केलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या नाना पेठेत जुन्या-नव्या सुट्या भागांची दुकानं आहेत. त्यांच्या अवतीभवती मेकॅनिक, रेडिएटरवाले, डेंटर, पेंटर, वायरमन, लेथवाले वसले. यात मुस्लीम मोठ्या संख्येने आहेत, हे डोळ्यांनी दिसतं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही नोंदवलं की मुस्लीम कामगारांत स्वयंरोजगार करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि मोटारींची विक्री-दुरुस्ती हे त्यांच्या ठळक कामांपैकी एक आहे. अहवालात ते रोजगाराच्या प्रश्नाखाली येतं आणि ते बरोबरही आहे. नोकरी नाही, भांडवल नाही, शाळा सुटलेली, म्हणून पोरगा बारा वर्षांचा असताना गॅरेजवर गेला. त्याचं गोडवं गाण्यात अर्थ नाही. पण त्या पोराने पुढच्या वीस वर्षांत जे शिकून घेतलं, ते ज्ञान होतं का, हा प्रश्न कुठल्याच अहवालात येत नाही.

‘गरम कब होती?’

माझ्याकडे १९८९ सालची पद्मिनी आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आलेली. तीन वर्षांपूर्वी ती तापायला लागली. एका गॅरेजने थर्मोस्टॅट काढून टाकला. फरक पडला नाही. दुसऱ्या गॅरेजने रेडिएटरचा कोर बदलला आणि सोबत सगळे होज नवे टाकले. शहरात तापायचं थांबलं. पण पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात काटा पुन्हा लाल पट्टीत. गाडी परत नेली तेव्हा सांगण्यात आलं की आता इंजिन खोलावं लागेल, हेड गॅस्केट गेलं असणार. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा होता. घरात भंगारवाल्याला फोन करायची भाषा सुरू झाली.

त्या आठवड्यात मी पूर्व भागातल्या एका पेठेत जुन्या मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरच्या पुढे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला आणि विचारलं, ‘गरम कब होती, वो बोलो पहले.’

मी म्हटलं, ‘चाचा, घाटात.’

‘सिग्नल पे खडी रहे तो?’

‘नाही.’

‘सुबह चालू करते ही?’

‘नाही.’

‘पानी कम होता?’

‘उकळल्यावरच. एरवी नाही.’

या चार उत्तरांत त्यांनी निम्मं इंजिन बाजूला काढून ठेवलं. सिग्नलवर उभी असताना तापत नाही, म्हणजे पंखा, पट्टा आणि हवा ठीक. सकाळी सुरू केल्यावर लगेच तापत नाही आणि उगाच पाणी घटत नाही, म्हणजे गॅस्केटवर पहिला संशय नको. फक्त जास्त फेऱ्यांवर तापते, म्हणजे पाणी जेव्हा जोरात फिरायला हवं तेव्हाच ते फिरत नाही. नाहीतर आग उशिरा लागतेय.

आग उशिरा लागणं म्हणजे इग्निशनचं टायमिंग मागे पडणं. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल पिस्टनला ढकलून संपण्याऐवजी बाहेर पडताना जळत राहतं आणि हेड तापवतं. कार्बोरेटरचा जेट अर्धवट बुजला तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, त्यानेही तसंच होतं. चाचांनी पॉइंटचा गॅप फीलर गेजने पाहिला, टायमिंग पाहिलं, प्लग काढून रंग पाहिला. फिकट तपकिरी, म्हणजे ठीक. प्लगच्या भोकांतून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाहिलं. जवळजवळ सारखं होतं. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधे उडालं असतं तर शेजारचे दोन आकडे एकदम खाली आले असते.

मग गाडी चांगली गरम केली. शागीर्दाला आत बसवलं आणि सांगितलं, ‘रेस दे. पकड के रख.’ मला वाकून खालच्या होजकडे बघायला सांगितलं. इंजिन मंद चालू असताना तो होज गोल, नवा, धडधाकट दिसत होता. फेरे वाढले तसा तो मधोमध आत ओढला जाऊ लागला आणि शेवटी रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबसारखा चपटा झाला. रेस सोडली की पुन्हा गोल.

खालच्या होजमधून पंप पाणी शोषून घेतो. तिथे दाब नसतो, ओढ असते. गरम झालं की रबर मऊ पडतं आणि ओढ वाढली की चिकटतं. म्हणून त्या होजच्या आत तारेची स्प्रिंग घालतात. नवा होज टाकणाऱ्याने ती घातली नव्हती. पहिला दोष रेडिएटरचा होता, तो खराच निघाला. दुसरा दोष पहिल्याच्या दुरुस्तीतून आला. चाचांनी स्प्रिंग मोजून कापली, होजमध्ये सरकवली, नवा थर्मोस्टॅट बसवला, इंजिन धुऊन डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं, इंजिन चालू ठेवून अडकलेली हवा काढली. इंजिन खोलण्याच्या खर्चाच्या तुलनेत बिल नगण्य होतं. त्यानंतर गाडी खंबाटकी अनेकदा चढली आहे.

गॅस्केट गेलंच असेल तर

प्रत्येक वेळी इतकं स्वस्तात सुटत नाही. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, गार इंजिन सुरू केल्या केल्या वरचा होज दगडासारखा कडक होणं ही गॅस्केट गेल्याची लक्षणं. यातलं एकच दिसलं तर थांबायचं, दोन-तीन एकत्र दिसली तर हेड उतरवायचं. उतरवल्यावर त्यावर सरळ पट्टी धरून खाली फीलर गेज सरकवायचा. हेड वाकलेलं असेल तर लेथवाल्याकडून फेस करून घ्यायचं. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टाकलं तर ते पुन्हा उडतं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. आणि सर्वांत महत्त्वाचं, गॅस्केट का उडालं ते शोधायचं. गॅस्केट बहुतेक वेळा कारण नसतं, परिणाम असतो. आधी गाडी दुसऱ्याच कशाने तापलेली असते.

ज्ञान कुणाचं धरायचं?

आपल्या समाजात विज्ञानाच्या वारशाचा विषय निघाला की अल-जझरी यांचं नाव हमखास येतं. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातले हे अभियंते. यंत्रांवरचा त्यांचा ग्रंथ १२०६ साली पूर्ण झाला. त्यात पाणी उचलणारी यंत्रं आहेत. त्यातला एक पंप दोन सिलिंडर-पिस्टनचा आणि शोषनळ्यांचा आहे. शाळांच्या कार्यक्रमांत, व्हॉट्सअॅपवर, जलशांत हे सगळं अभिमानाने सांगितलं जातं. एक गोष्ट मात्र निसटते. अल-जझरी यंत्रं स्वतः बनवणारे कारागीर होते. भाग कसा ओतायचा, कसा जोडायचा, जुळवून कसा पाहायचा, हे त्यांनी पायरी पायरीने लिहून ठेवलं. म्हणूनच ते आठशे वर्षांनी आपल्याला माहीत आहेत. त्यांच्याआधी आणि नंतर तितकेच हुशार किती कारागीर होऊन गेले असतील. त्यांचं कुणी लिहिलं नाही, त्यांनीही लिहिलं नाही.

आपल्या गल्लीतल्या चाचांचं नेमकं तेच होतंय. बाराव्या-तेराव्या शतकातल्या पंपाचा अभिमान आणि विसाव्या शतकातला पंप चालू ठेवणाऱ्या माणसाला ‘गॅरेजवाला’ म्हणून खालची जागा, हे दोन्ही आपण एकाच तोंडाने बोलतो. लग्नाच्या स्थळात ‘मुलगा मेकॅनिक आहे’ हे वाक्य कसं दबक्या आवाजात सांगितलं जातं, ते आठवून बघा.

चाचांचा मुलगा आज एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. गणवेश, पगार, पीएफ. चांगलंच झालं. तिथे गाडीला स्कॅनर लावला की पाण्याचं तापमान आणि सेन्सरचा कोड पडद्यावर येतो. इंजिन किती तापलं ते यंत्र अचूक सांगतं. पण तो मला म्हणाला की कोड आल्यावरही तो आधी गिऱ्हाइकाला विचारतो, ‘गाडी गरम कधी होते?’ हे त्याला सर्व्हिस सेंटरने नाही, वडिलांनी शिकवलं.

पद्मिनी टॅक्सी गेली, खासगी पद्मिनी आता मोजक्याच उरल्यात. ज्यांनी त्या चालत्या ठेवल्या ती पिढीही सत्तरीत आहे. कुर्ला, भायखळा, नाना पेठ, सोलापूर, औरंगाबाद, मालेगाव, मिरज, कुठल्याही गावात असं एखादं गॅरेज तुम्हाला माहीत असेलच. पुढच्या वेळी गाडी दाखवायला जाल तेव्हा थोडा जास्त वेळ काढा. स्टुलावर बसा, चहा घ्या. त्यांनी कुणाकडून शिकलं, कुठल्या गाडीने त्यांना सर्वांत जास्त छळलं, कानाने काय ओळखतात आणि हाताने काय, ते विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करा किंवा वहीत उतरवून घ्या. भाषा त्यांचीच ठेवा, ‘रॉड मारणे’ला ‘रॉड मारणे’च लिहा. तारखा आणि गाड्यांची नावं विसरू नका. त्यांची परवानगी घ्यायलाही विसरू नका.